मुंबईच्या जुन्या इमारती आणि दुरुस्तीचा उपकर

पावसाळा जवळ आला की मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या वस्तीचे लक्ष एका यादीकडे लागते. मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या पाहणीत ज्या इमारती अतिधोकादायक ठरतात, त्यांची ही यादी असते. यादीत आपल्या इमारतीचे नाव आले म्हणजे भाडेकरूंनी संक्रमण शिबिरात जावे, अशी अपेक्षा असते. पुष्कळ कुटुंबे मात्र टेकू दिलेल्या जिन्याखालून ये-जा करीत तेथेच राहतात. हा केवळ हट्ट नव्हे. त्यामागे साठ-सत्तर वर्षांचा अनुभव आहे.

या प्रश्नाचे मूळ भाडेनियंत्रणात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे मानले. टंचाईच्या काळात गिरणी कामगारांना, आणि कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेल्या हजारो कुटुंबांना या कायद्याने मोठाच आधार दिला. परंतु सिमेंट, लाकूड व मजुरी यांचे दर वाढत गेले आणि भाडे जागच्या जागी राहिले. मालकाला डागडुजी परवडेना. भाडेकरू ती आपली जबाबदारी मानीना. चुन्यातील विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि मजल्यागणिक असलेल्या सामाईक मोऱ्या अशा या इमारती. मोरीचे पाणी वर्षानुवर्षे तुळईच्या टोकात मुरत राहिले की तुळई आतून कुजते, आणि वरून रंग दिलेला असल्यास ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा शासनाने १९६८ मध्ये बेडेकर समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९६९ चा कायदा झाला आणि दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. शहर भागातील जुन्या खाजगी इमारतींवर उपकर बसविण्यात आला. महानगरपालिका तो मालमत्ता कराबरोबर वसूल करते. त्यात शासनाच्या व महानगरपालिकेच्या अंशदानाची भर पडते. १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’, १९४० ते १९५० मधील ‘ब’ आणि त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ अशी वर्गवारी झाली. एकूण १९,६४२ इमारतींपैकी १६,५०२ एकट्या ‘अ’ वर्गात होत्या. म्हणजे ओझे जेथे सर्वांत जड, तेथेच इमारती सर्वाधिक. १९७६ च्या कायद्यान्वये पुढे हे काम म्हाडाकडे आले.

योजनेचे स्वरूप गावातील भिशीसारखे आहे: सर्वांनी थोडे थोडे घालावे आणि गरजवंताने उचलावे. फरक इतकाच की येथे पाळी चिठ्ठीने नव्हे, धोक्याच्या प्रमाणात येते. मंडळ फक्त रचनात्मक दुरुस्ती करते. तुळई बदलणे, खांबांना आधार देणे, जिना नव्याने बांधणे ही त्यातील कामे होत. दर चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा ठरलेली असते. खर्च त्यापलीकडे जाणार असेल तर जादा रक्कम रहिवाशांनी भरावी, अन्यथा इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवून पुनर्रचनेस घ्यावी, असा नियम आहे. मर्यादा वेळोवेळी वाढविली गेली, पण महागाई नेहमीच तिच्या पुढे राहिली. परिणामी एकाच इमारतीला पुनःपुन्हा टेकू आणि गिलावा मिळाला, नवे आयुष्य मात्र मिळाले नाही.

१९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी १०० कोटी रुपयांचे अनुदान जाहीर केले. त्यातील काही भाग धारावीकडे व झोपडपट्टी सुधारणेकडे गेला आणि काही भागातून जुन्या इमारती पाडून ६६ नव्या इमारती उभ्या राहिल्या. सरळ रोख साहाय्याचा हा मोठा प्रयोग होता. त्या इमारतीही आता पुनर्विकासाला आल्या आहेत.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मार्गच बदलला. नियम ३३(७) अन्वये पैशाऐवजी जादा चटईक्षेत्र देण्यात आले. विकासकाने जुन्या भाडेकरूंना किमान २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य बांधून द्यावे आणि उरलेले क्षेत्र बाजारात विकून खर्च काढावा, अशी ही योजना. पुढे किमान क्षेत्र ३०० चौरस फूट झाले. जमिनीचे भाव जेथे चढे, तेथे पुनर्विकास झपाट्याने झाला. अरुंद गल्लीतील लहान भूखंडाकडे मात्र विकासक फिरकला नाही, कारण तेथे विकण्याजोगे फारसे उरतच नाही. एकेका इमारतीऐवजी वस्तीच एकत्र घेण्याचा समूह पुनर्विकास त्यातूनच पुढे आला. भेंडीबाजारातील सुमारे साडेसोळा एकरांचा प्रकल्प त्याचे ठळक उदाहरण. तेथेच ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचे प्राण गेले.

आता संक्रमण शिबिराकडे वळावे. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे तेथे दोन-दोन पिढ्या राहिली. शहर भागातील शाळा, दवाखाना, कामाचे ठिकाण सारे दूर राहिले. दरम्यान भूखंड आरक्षणात गेला किंवा नव्या इमारतीत गाळे कमी निघाले, तर परतीचे घरच उरत नाही. अशांसाठी मंडळ बृहतसूची ठेवते आणि विकासकांकडून मिळालेल्या अतिरिक्त गाळ्यांतून त्यांना घरे देते. सूचीत नाव लागण्यासाठी मूळ भाडेकरूचा हक्क सिद्ध करावा लागतो. चाळ रिकामी करताना मिळालेली नोटीस, जुनी भाडेपावती, वारसाची नोंद, शिधापत्रिका हे कागद तेव्हा कामी येतात. चाळीस वर्षांपूर्वीची पावती पेटीच्या तळाशी जपून ठेवणारी आजी या व्यवस्थेत घरातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती ठरते.