घोड्याचं चित्र आपलं, हक्क कुणाचा?

प्रश्न : देवळाली कॅम्पात मी घोड्या-कुत्र्यांची चित्रं ऑर्डरप्रमाणे काढतो. मोबाइल फोटोवरून काढलेला घोडा बेढब दिसतो. शिवाय, ऑर्डरचं चित्र मी कॅलेंडरवर छापू शकतो का?

उत्तर : फोटो घोड्याच्या छातीच्या उंचीवरून, लांब उभं राहून, झूम करून काढायला सांगा, जवळून काढला की तोंड फुगतं, पाय आखडतात. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळतात. ती चुकली तर सारंगखेड्याच्या बाजारात घोडे पारखणारा मालक चित्र घेणार नाही. पेन्सिलच्या आराखड्याला होकार आणि निम्मे पैसे मिळाल्यावरच रंगाला हात लावा.

छापण्याचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार गिऱ्हाईकच. तेव्हा छपाईचा हक्क तुमच्याकडे राहील, असं आधीच लिहून सही घ्या.