स्वयंपाकघरातील अवजारे : जळण, श्रम आणि धूर यांचा हिशेब



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, पण शेतीपासून फार दूरचा नाही. कास्तकार बाजारातून डवरा किंवा वखराची फास घेतो तेव्हा ती हातात घेऊन पारखतो, दांडीला बसते की नाही ते बघतो, धार बघतो, किती दिवस टिकेल ते विचारतो. ठिबकचा फिल्टर घेताना चार ठिकाणी चौकशी करतो. पण घरातली चूल, तवा, कुकर, विळी, पाटा ही सुद्धा अवजारेच आहेत. ती रोज दोन वेळा, वर्षाचे 365 दिवस चालतात. त्यांची पारख मात्र आपण करत नाही. भांड्याच्या दुकानात चकाकते ते घेतो, नाहीतर लग्नात आलेले वापरत राहतो.

आमचे सांगणे एवढेच आहे की शेतातल्या अवजाराला आपण जो हिशेब लावतो तोच घरातल्या अवजाराला लावावा. जळण किती जाते, वेळ आणि श्रम किती लागतात, आणि वापरणाऱ्या बाईच्या छातीत धूर किती जातो, हे तीन प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावेत.

चूल : फुकटच्या जळणाची किंमत

अल्लीपूर भागात ऊस नोंदीसाठी हिंडताना बहुतेक घरी गॅसची शेगडी दिसते. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ती अनेक घरांत पोचवली. तरी अंगणात किंवा मागल्या पडवीत चूलही पेटलेली असतेच. कारण उघड आहे. आपल्या हिंगणघाट तालुक्यात कापूस आणि तूर निघाली की पऱ्हाटी व तुऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर लागतात. जळण फुकटचे असल्यावर सिलिंडर कशाला संपवायचे, असे घरधनी म्हणतो.

पण हे जळण फुकटचे नाही. साध्या उघड्या चुलीत जळणातल्या उष्णतेचा सुमारे दहावा भाग, फार तर सातवा भाग भांड्याला लागतो. बाकीची भिंत, हवा आणि स्वयंपाक करणारी बाई यांना तापवते. गॅसच्या चांगल्या शेगडीत 60 टक्क्यांहून अधिक उष्णता भांड्याला मिळते. शिवाय धूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली घरातल्या धुराशी निगडित आजारांनी जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. डोळे चुरचुरणे, सकाळचा खोकला, दम लागणे याला आपण वयाचा दोष देतो. त्यातला बराचसा दोष चुलीचा असतो. फुंकणीने जाळ होतो खरा, पण फुंकणारीचा श्वास खर्ची पडतो.

या प्रश्नावर पहिले मोठे काम आपल्याच जिल्ह्यात झाले, याचा आपल्याला अभिमान असावा. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चालले. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी 1928 साली वारले, त्यांच्या नावावरून ही मगनवाडी. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले गेले. याच मगनवाडीतून 1940 च्या दशकात मगन चूल पुढे आली. तिची रचना सोपी आहे. मातीच्या एकाच ओट्यात ओळीने भांड्यांची तोंडे ठेवायची, आतून ती बोगद्याने जोडायची आणि शेवटी धुराडे छपराबाहेर काढायचे. पहिल्या तोंडाखाली जाळ असतो. तोच गरम वायू पुढच्या भांड्यांखालून जातो व धूर बाहेर पडतो. भाजी शिजता शिजता मागच्या तोंडावर पाणी तापते.

पुढे 1983 पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 साली तो आटोपला. गावोगाव चुली बसल्या, पण पुष्कळ चुली काही महिन्यांत बंद पडल्या. कारणे बारीक होती. धुराडे काजळीने तुंबले, ते कोणी साफ केले नाही. मागच्या तोंडावर भांडे ठेवले नाही, म्हणून तेथून धूर घरात आला. ज्याने चूल बसवली त्याने वापरणारीला चालवायचे शिकवले नाही. ठिबकचा फिल्टर धुवायचा नाही आणि वरून ठिबक वाईट म्हणायचे, तसलाच हा प्रकार.

तेव्हा ज्यांच्या घरी चूल राहणारच आहे त्यांनी ती धुराड्याची करावी, महिन्याला धुराडे झाडावे, रिकाम्या तोंडावर पाण्याचा गंज ठेवावा आणि जळण पुरते वाळवून बारीक करून घालावे. ओले सरपण म्हणजे आधी पाणी जाळणे, मग अन्न शिजवणे. घरी चार-पाच जनावरे असतील तर गोबरगॅसचा विचार करावा. 2 घनमीटरच्या संयंत्राला दिवसाला साधारण 50 किलो शेण लागते. स्वयंपाक बिनधुराचा होतो आणि मळी उसाला जाते.

कुकर : दाबाचे काम

उघड्या भांड्यात पाणी उकळू लागले की तुम्ही जाळ कितीही वाढवा, पाणी सुमारे 100 अंशांच्या वर तापत नाही. जास्तीच्या जाळाने फक्त वाफ उडते. हे एक तत्त्व घरात सर्वांनी लक्षात ठेवले तर बरेच जळण वाचेल. उकळी आली की जाळ कमी करावा आणि झाकण ठेवावे.

कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि आतले तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत चढते. म्हणून तूरडाळ लवकर शिजते. ही कल्पना जुनी आहे. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने 1679 साली असे भांडे लंडनमध्ये दाखवले होते. आपल्याकडे 1959 च्या सुमारास देशी बनावटीचे कुकर बाजारात आले.

कुकर घेताना आयएसआय खूण पाहूनच घ्यावा. तो दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, डाळ असेल तर अर्ध्यावर थांबावे. शिट्टीची नळी रोज उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. रबर कडक झाले, चिरले की बदलावे. सुरक्षा झडप गेली तर त्याच कंपनीची बसवावी. तिथे भलतेच काही ठोकून बसवणे म्हणजे घरात सुरुंग ठेवणे होय. गॅसची रबरी नळीही दर 5 वर्षांनी बदलावी. मोटारीची वायर उघडी पडली तर आपण लगेच पट्टी लावतो, मग ही नळी का विसरावी?

पाचटाची पेटी : बिनपैशाचे अवजार

आता उसाच्या कास्तकाराला खास जमेल असे एक साधन सांगतो. परदेशात यासाठी वाळले गवत वापरत. आपल्याकडे पाचट आहे.

लाकडी खोके, जुनी टोपली किंवा पत्र्याचा डबा घ्यावा. खडखडीत वाळलेले पाचट बारीक तोडून तळाला व चारही बाजूंना वीतभर दाबून भरावे. मध्ये भांडे घट्ट बसेल एवढी जागा ठेवावी आणि आतून जाड कापड लावावे. पाचट भरलेली एक उशी शिवून वर ठेवायला घ्यावी. तांदूळ झाकण ठेवून पाचेक मिनिटे उकळू द्यावा, भांडे न उघडता पेटीत ठेवावे, वर उशी दाबावी. तासाभरात भात होतो. तूरडाळ आधी दोन तास भिजवून पंधरा मिनिटे उकळावी, मग पेटीत दोन तास ठेवावी. डाळ जुनी असेल तर थोडा वेळ जास्त लागतो. भांडे पुरते भरलेले असावे, कारण अर्धवट भरलेले लवकर निवते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. भांड्याच्या बुडाला निखारा किंवा ठिणगी चिकटलेली नाही हे पाहून, बूड पुसूनच भांडे आत ठेवावे, कारण पाचट लवकर पेट घेते. आणि अन्न पेटीत रात्रभर ठेवू नये, कोमट अन्न आंबते. वाढण्याआधी एक उकळी काढावी. सकाळी भांडे पेटीत ठेवून बाई वावरात निंदायला गेली तर परत येईपर्यंत भात तयार असतो. करपत नाही, राखण लागत नाही.

पाचटाचा कोळसाही होतो. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाचे पाचट बंद भट्टीत कोळशावून त्याच्या कांड्या केल्या आणि त्यावर चालणारा ‘सराई’ कुकर तयार केला. सुमारे 100 ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचे जेवण वाफेवर शिजते. या कामाला 2002 साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कोळसा बिनधुराचा दिसतो, पण बंद खोलीत त्याचा वायू जिवावर बेतू शकतो. खिडकी-दार उघडे ठेवूनच तो वापरावा.

मात्र यावरून कोणी शेतातले सगळे पाचट घरी आणू नये. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात जमिनीला सेंद्रिय कर्ब आणि साधारण 40 ते 50 किलो नत्र असते. त्याची जागा खोडव्याच्या सरीतच आहे. पेटीला एक-दोन पोती पुरतात.

जुनी अवजारे : टाकायची नाहीत, सांभाळायची

मिक्सर आला म्हणून पाटा-वरवंटा अंगणात पडला. सत्यप्रकाश माथुर यांचा सुमीत मिक्सर 1963 साली निघाला, तो आपल्या ओल्या-कोरड्या वाटणाला टिकावा म्हणूनच. त्याने बायांच्या मनगटाचे कष्ट वाचवले, ही मोठी गोष्ट आहे. पण लाइन गेली की वाटण अडते, म्हणून पाटा घरात असावा. तो गुळगुळीत झाला तर टाकी लावून घ्यावी. मिक्सर सलग चालवू नये, थांबून थांबून चालवावा. मोटार तापल्यावर पाण्याच्या पंपाला जशी विश्रांती देतो तशीच त्यालाही द्यावी.

लोखंडी तवा आणि कढई शक्यतो मोडीत देऊ नये. लोखंडी कढईत भाजी केल्याने थोडे लोह अन्नात उतरते, आणि आपल्याकडे बायांत व पोरींत रक्त कमी असणे ही नेहमीची तक्रार आहे. फक्त शिजलेली भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, कढई धुऊन कोरडी करून तेलाचा हात फिरवावा.

पितळेची भांडी वापरायची तर कल्हई हवीच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो गेला की ताक, चिंच, आंबट वरण कळकते आणि पोटाला बाधते. कथील सुमारे 232 अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे जाळावर ठेवू नये. विळी धारदार असावी. बोथट विळीवर जोर द्यावा लागतो आणि बोट तेव्हाच कापते. काम झाले की विळी मिटून उंचावर ठेवावी.

नवा ओटा बांधणार असाल तर गवंड्याच्या मापाने बांधू नका. घरात जी रोज स्वयंपाक करते तिला उभे करून तिच्या कोपराखाली चार बोटे एवढी उंची घ्या. सिमेंट तेवढेच लागते, पण पाठ वीस वर्षे दुखत नाही.

आठ दिवसांची नोंद

शेताची नोंदवही ठेवा असे आम्ही सांगतो, तशी एक आठवडा चुलीची ठेवून पाहा. रोज सकाळी जळण तोलून घ्यावे. गॅस असेल तर सिलिंडर लावल्याची तारीख लिहावी, 14.2 किलोचे सिलिंडर किती दिवस गेले ते कळेल. स्वयंपाकाला किती वेळ लागला ते मांडावे. दुसऱ्या आठवड्यात तीनच बदल करावेत : डाळ भिजवणे, झाकण ठेवणे, उकळीनंतर जाळ कमी करणे. मग दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवावेत. ही नोंद शाळेत जाणाऱ्या पोराने किंवा पोरीने केली तर उत्तम.

शेवटी पैशाची गोष्ट. ऊसबिल हाती आले की खताची उधारी, सोसायटीचा हप्ता, लग्नकार्य यांतच ते सरते. स्वयंपाकघराची पाळी येते तोवर काही उरत नाही. आमची सूचना अशी की पहिल्या हप्त्यातूनच थोडी रक्कम घरातल्या बाईच्या हाती वेगळी द्यावी आणि काय घ्यायचे ते तिने ठरवावे. डवरा ज्याला हाकायचा तोच निवडतो, मग कुकर मात्र दुसऱ्याने का निवडावा? ती कदाचित कुकर घेणारही नाही. धुराड्याला पाइप घेईल, नाहीतर पाट्याला टाकी लावून घेईल. तिला जे आधी नडते ते तिलाच ठाऊक असते.

पाचटाची पेटी करताना कोणाला अडचण आली तर आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला विचारावे. खोडव्यात पाचट पसरण्याच्या दिवसांत ते तुमच्या बांधावर येतातच. त्याच वेळी एखादे पोते वाळलेले पाचट वेगळे काढून ठेवावे.