'ड्वेल ऑन' म्हणजे उगाळत बसणे

'ड्वेल इन पेडणे' म्हणजे पेडण्यात राहणे. 'इन'च्या जागी 'ऑन' आलं की अर्थ होतो नकोशा विचारात अडकून राहणे. म्हणून वाक्य बहुधा नकारार्थी: 'डोन्ट ड्वेल ऑन इट.' जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता वाट चुकवणे!

मराठीत यासाठी 'उगाळत बसणे' आहे. सहाणेवर चंदन उगाळलं तर गंध तरी मिळतो. यातलं 'बसणे' महत्त्वाचं: 'विचार करते' आणि 'विचार करत बसते' यांत फरक आहे.

पपा गेले त्या दिवशी त्यांचा फोन मी उचलला नव्हता. कितीतरी महिने तेच उगाळत बसायचे. शेवटी आई म्हणाली, "आठवण काढ गो, पण तिथेच बसून राहू नको." 'रिमेंबर' आणि 'ड्वेल ऑन' यांतला फरक मला तेव्हा कळला.