शब्द अडला तरी बोलावं

नाशिक रोड स्टेशनची तिकिटाची खिडकी डोळ्यांपुढे आणा. रांगेत एक शेतकरी उभा आहे. त्याला नांदगावला परत यायचं आहे. पैसे हातात मोजून तयार आहेत. त्याची पाळी येते. तो तोंड उघडतो, पण 'नांदगाव'मधला 'ना' काही केल्या बाहेर पडत नाही. जीभ टाळूला चिकटून बसते. मान ताठ होते. मागचा माणूस ओरडतो, "अहो, आटपा की लवकर!" तेव्हा हा घाईघाईनं म्हणून जातो, "चाळीसगाव." चाळीसगाव नांदगावच्या पुढं. तिकिटाला पैसे जास्त पडले. पण शब्द तर सुटला! तिकीट चाळीसगावचं घेऊन गडी नांदगावलाच उतरतो.

हा शेतकरी आम्ही समजुतीसाठी उभा केला आहे. पण अडखळत बोलणारं कोणीही हे वाचून म्हणेल, 'ही तर माझीच गोष्ट!' अडणारा शब्द टाळायचा आणि सुटणारा शब्द घ्यायचा, ही युक्ती असे लोक रोज करतात. बाकीचे शब्द बदलता येतात. स्वतःचं नाव कसं बदलणार? म्हणून पुष्कळांची जीभ नेमकी स्वतःच्या नावावरच अडते.

तिकिटाचे पैसे गेले तर ते सोसता येतं. पण कांद्याच्या लिलावात काय होतं, पाहा. व्यापारी भाव बोलतो. तो पटला नाही तर शेतकऱ्यानं तिथल्या तिथं 'नाही' म्हणायचं असतं. 'नाही' तोंडात अडलं, की लिलाव पुढच्या ट्रॅक्टरकडं सरकतो आणि न पटलेल्या भावात माल जातो. ग्रामसभेतही तसंच. आपल्या वस्तीचा नळ कोरडा आहे हे ज्याला ठाऊक, तोच मागं बसून राहतो. बाईचं तर विचारूच नका. ती बोलत नाही म्हणून लोक तिला 'गरीब स्वभावाची' म्हणतात. तिचा शब्द अडतो आहे, हे घरच्यांच्याही ध्यानात येत नाही.

हे अडखळणं म्हणजे आहे तरी काय?

एक शब्द बोलायचा तर श्वास, गळा, जीभ आणि ओठ यांनी एकाच तालात चालावं लागतं. हा ताल मेंदू धरतो. काहींच्या मेंदूत हा ताल जरा वेगळा जुळलेला असतो. म्हणून शब्द अडतो, ताणला जातो किंवा पुन्हापुन्हा येतो. यात बुद्धीचा काही दोष नाही. शंभर मोठ्या माणसांत सुमारे एक जण असा असतो. बायकांपेक्षा पुरुषांत हे जवळजवळ चौपट आढळतं. पुष्कळदा ते घराण्यात चालत येतं.

लोक मात्र काहीबाही सांगतात. लहानपणी भ्याला म्हणून झालं, दुसऱ्या तोतऱ्याची नक्कल केली म्हणून लागलं! यात तथ्य नाही. वेखंड उगाळून चाटवतात, त्यानंही अडखळणं जात नाही. तोंडात खडे धरून बोलायचा उपाय तर मुळीच करू नका. खडा घशात गेला तर जिवावर बेतेल. 'महिन्यात बरं करतो' म्हणून पैसे मागणाराही भेटेल. त्याला दुरूनच नमस्कार करा.

आता एक नवल सांगतो. चारचौघांत ज्याचा शब्द सुटत नाही, तोच माणूस भजनात खणखणीत गातो. हरिपाठ सगळ्यांबरोबर म्हणतो, एक अक्षर अडत नाही. बैलाशी बोलतो, तान्ह्या लेकराशी बोलतो, तेव्हाही जीभ मोकळी असते. गाताना ताल बाहेरून मिळतो. बरोबर म्हणताना दुसऱ्यांच्या आवाजाचा आधार मिळतो. आणि बैल काही हसत नाही, घाईही करत नाही! म्हणजे जीभ धड आहे, गळा धड आहे.

आपण म्हणतो, 'भीतीनं त्याची त-त-प-प झाली.' अडखळणं भीतीनं सुरू होत नाही, पण भीतीनं वाढतं हे खरं. आज अडलो, लोक हसले. उद्या 'पुन्हा अडलो तर?' या धाकानंच गळा आवळतो. मग माणूस बोलणंच टाळतो. टाळलं की धाक आणखी वाढतो. आमच्या मते अडखळण्यापेक्षा या टाळण्यानंच माणसाचं जास्त नुकसान होतं.

हा धाक मोडायचा तर पुन्हापुन्हा बोलावं लागतं. पण जिथं कोणी हसणार नाही अशा जागी. अशा जागा लोकांनी मुद्दाम उभ्या केल्या आहेत.

आपल्याच जिल्ह्यात, निफाडला, १८४२ साली महादेव गोविंद रानडे जन्मले. पुढं ते न्यायमूर्ती झाले. लोकांनी सभेत उभं राहून बोलावं, दुसऱ्याचं ऐकावं, असं त्यांना फार वाटे. त्यांच्या पुढाकारानं १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच 'वक्तृत्वोत्तेजक सभा', म्हणजे बोलण्याला उत्तेजन देणारी सभा. ती काही अडखळणाऱ्यांसाठी निघाली नव्हती. पण बोलणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हा विचार तिच्यात होता.

अमेरिकेत १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी बोलण्याच्या सरावाचं एक मंडळ काढलं. त्याचं नाव टोस्टमास्टर्स. आज अशी मंडळं जगभर आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. तिथं सगळेच शिकाऊ असतात. एक जण पाच ते सात मिनिटं तयारीचं भाषण करतो. पाच मिनिटं झाली की हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला तांबडा. कोणाला आयत्या वेळी विषय देतात, त्यावर एक-दोन मिनिटं बोलायचं. मग दुसरा सभासद उठून सांगतो, काय चांगलं झालं आणि पुढच्या वेळी काय सुधारता येईल. भाषण मोडलं तरी टाळ्या पडतात. या मंडळात 'अं-अं' किती झालं हे मोजणाराही एक जण असतो. अडखळणाऱ्यानं त्याला आधीच सांगून ठेवावं, "माझा शब्द अडतो. तो मोजू नका."

सुरुवातीलाच असं सांगून टाकलं, की निम्मं ओझं उतरतं. लपवायचंच काही उरत नाही.

आपल्या देशात 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' नावाची संस्था आहे. डेहराडूनकडचे डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी तिची उभारणी केली. ते स्वतः अडखळणारे. अडखळणाऱ्यांनी एकत्र जमावं आणि एकमेकांना बळ द्यावं, अशी या संस्थेची रीत आहे. अशा गटांत एक गमतीचा सराव करतात. अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा, आणि तोही मुद्दाम अडखळून! म्हणजे ज्याची भीती, तेच आपण होऊन करायचं. आमचा तिकिटवाला शेतकरी हे शिकला, तर खिडकीशी जोर न लावता, हलकेच 'ना-ना-नांदगाव' म्हणेल. तिकीट मिळेलच.

यानं अडखळणं सगळं जाईल का? बहुधा नाही. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज, ज्यांचा मुखवटा आपल्या जुन्या रुपयावर असे, तेही अडखळत. लायोनेल लोग नावाच्या शिक्षकाकडं ते १९२६ पासून सराव करत होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंड लढाईत उतरलं त्या दिवशी, ते रेडिओवर साऱ्या साम्राज्याशी बोलले. थांबत थांबत बोलले, पण बोलले.

गावात असं मंडळ काढायला खर्च काय? आठ-दहा बाया-माणसं, शाळेची एक खोली, आठवड्यातला एक वार. दिव्यांऐवजी रंगीत कागद वर धरले तरी चालतात. विषय घरचेच घ्या. यंदा कांदा चाळीत ठेवावा की विकावा? नळाच्या अर्जाचं काय झालं? पहिल्या दिवशी नुसतं नाव सांगितलं तरी पुरे. पुढं १ मेच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारायचा, असा नेम धरावा.

ऐकणाऱ्यांचंही काम आहे. समोरच्याचा शब्द आपण पुरा करू नये. "सावकाश बोल, दम घे" असंही म्हणू नये. त्याला ते ठाऊक असतं. त्याच्या तोंडाकडं शांतपणे पाहावं आणि थांबावं.

लेकरांचं थोडं निराळं आहे. दोन ते पाच वर्षांच्या वयात पुष्कळ मुलं अडखळू लागतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचं आपोआप थांबतं. रागावू नका, नक्कल करू नका. सहा महिने झाले तरी चालू असेल, किंवा मूल बोलायला कचरू लागलं, तर जिल्हा रुग्णालयात जाऊन वाचा-उपचारांची चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथंही तपासणी आणि उपचार होतात.

आता आपल्या वर्गाकडं या. हा पाठ पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायचा आहे. वर्गात कोणाचा शब्द अडत असेल, तर त्याला एकट्याला उभं करू नका, आणि वगळूही नका. दोघांनी मिळून एका आवाजात वाचा. चार ओळी झाल्या की जोडीदारानं आवाज हळू करावा. आणखी दोन ओळींनी गप्प व्हावं, पण शेजारी उभं राहावं.