सरनं अभ्यास पाठवला

"सर, पोरगा रात्री अकरापर्यंत मोबाइल सोडत नाही. विचारलं तर म्हणते, सरनं अभ्यास पाठवला."

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक आई चिखलाच्या पायांनीच शाळेच्या फाटकाशी येऊन हे सांगून गेली. मुलाला समज देतो, म्हणालो. तक्रार खरं तर माझी होती, हे कळायला मला सहा महिने लागले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा इथं कामठ्यात मीही वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र तसाच राहिला, कारण तो माझ्या सोयीचा होता. फळ्यावर लिहायचं राहिलं की जेवण झाल्यावर पाठवून द्यायचं! माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरी स्मार्टफोन एकच, तोही बापाच्या खिशात, बापासोबत धानाच्या बांधीत. मुलाच्या हाती तो पडायचा आठला, माझा अभ्यास यायचा नऊनंतर, आणि दोन गणितांच्या आडून रील्स चालायच्या अकरापर्यंत. परवानगी मीच देऊन बसलो होतो.

पुढे एका घरी धानाचे चुकारे जमा झाले आणि त्यातले अठराशे रुपये पोरानं गेममध्ये उडवले. मग मी दप्तरं तपासली, तीन फोन कपाटात टाकले, परिपाठाला वीस मिनिटं बोललो. दुसऱ्या दिवसापासून फोन दप्तरात नव्हते. पानटपरीवर ठेवून पोरं शाळेत येत होती.

शेवटी नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ग्रुपवर सगळ्यात उशिरा मेसेज तुमचाच असते." वर्ग हसला. मी फोन काढून पाहिला. रात्रीचे १०.४०.

त्या शनिवारी नियम मुलांनाच करायला सांगितले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट मी मोठ्या हौसेनं सांगितली. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, रोवणीत सात वाजता आई घरीच नसते. बंद करायला लावन कोण?" बरोबर होतं. दुसऱ्या गावाचा भोंगा आपल्या गावात आणण्याआधी आपलं गाव किती वाजता जेवते, ते पाहावं.

मुलांनी ठरवलं ते असं: अभ्यास फळ्यावर आणि वहीतच. ग्रुप फक्त पालकांचा, त्यावर सूचना सातच्या आत. फोन रात्री ओसरीत चार्जिंगला, अंथरुणात नाही. आणि बापाचा पिन बापालाच माहीत असावा. हे शेवटचं सुचवणारा तोच अठराशेवाला होता.

एका मागणीवर मात्र मी अडलो. कुणी फोटोशी छेडछाड केली, घाण मेसेज पाठवले, तर सांगणाऱ्याचा फोन काढून घ्यायचा नाही. मला ते पटेना. मग मुलींनी सांगितलं, फोन जाईल आणि शाळाही सुटेल, याच भीतीनं त्या घरी बोलत नाहीत. मी कबूल झालो. वर्गाच्या भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक लिहिला, तोही त्यांच्याच अक्षरात. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना सांगतो, बाकीचे नियम हवे तसे बदला, हा एक तेवढा सोडू नका.

'असर २०२४' या शिक्षणविषयक अहवालाच्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी वापरला होता. पूर्वी हे आकडे मी पालकसभेत मुलांविरुद्ध पुरावा म्हणून वाचले असते. आता त्या ५७ मध्ये माझ्या रात्रीच्या गणितांसारखी किती असतील, असा संशय येतो.

नियम रोज पाळले जातात असं नाही. मंडईच्या जत्रेच्या रात्री तर ओसरीत एकही फोन नव्हता, सगळे दंडारीच्या खेळाचे व्हिडिओ काढत होते. माझंही तेच. रात्री अभ्यास आठवला की हात फोनकडे जातो; मग चिठ्ठीवर लिहून ती शर्टाच्या खिशात ठेवतो. सकाळी शर्ट बदललेला असतो, आणि पोरं त्या दिवशी सुटतात.