शेवटची गाडी कुठे आहे?

पाऊस सुरू झाला की होस्टेलमध्ये "चला प्रतापगड!" हा ठराव एकमताने पास होतो. मागच्या जुलैत आम्हीही निघालो. सात गाड्या, अकरा जण. महाडला मिसळ खाल्ली, पोलादपूरपर्यंत मजेत गेलो. तिथे सरळ गेलं की कशेडी घाट आणि खेड, डावीकडे वळलं की आंबेनळी घाट. सहा गाड्या डावीकडे वळल्या. सातवी सरळ गेली.

आम्हाला कळलं कधी, तर प्रतापगडाच्या फाट्यावर चहा सांगताना. ग्लास अकरा, माणसं नऊ! मोबाईलला रेंज नाही. खाली परत आलो तर एका वळणावर दोघं बसलेले. चूक कळल्यावर ते मागे फिरले होते आणि आम्हाला गाठायच्या नादात खडीवरून घसरले. हेल्मेट दोघांनाही होतं, म्हणून मनगटावर निभावलं. सगळे त्याला बोलले, पण माझ्या मते चूक आम्हा सहा गाड्यांची.

आता थोडं गणित (मराठी कॉन्व्हेंटवालं आहे, गणित तरी बरोबर येईल!). ओल्या रस्त्याचा घर्षणांक ०.४ धरा आणि ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद. ताशी ४० किमी वेगात गाडी थांबायला ११ + १६ म्हणजे २७ मीटर लागतात. ६० च्या वेगात १७ + ३५, म्हणजे ५२ मीटर. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. आणि ६० ने कोण जातो? शेवटचा. पहिला वळणावर २० वर येतो, वळण संपलं की पुन्हा ४० पकडतो, तेव्हा मागचे अजून वळणातच असतात. प्रत्येक वळणाला रांग ताणली जाते आणि ती भरून काढायचं काम शेवटच्याच्या गळ्यात पडतं. म्हणून सगळ्यात हळू चालवणारा दुसऱ्या नंबरवर हवा आणि सगळ्यात अनुभवी शेवटी. आमच्याकडे उलटं होतं, नवशिक्याला "तू ये मागून" म्हणून सोडलेला.

घाटात सगळे एकमेकांना दिसणं शक्यच नाही. सात गाड्या दोन-दोन सेकंदांच्या अंतराने धरल्या तरी रांग सव्वाशे मीटरच्या वर जाते. त्यापेक्षा प्रत्येकाने आरशात फक्त मागची एक गाडी बघावी. दिसेनाशी झाली की वेग कमी, फाटा आला की बाजूला थांबायचं, ती दिसल्याशिवाय हलायचं नाही. पुढचे आपोआप थांबत जातात. शिट्टी नको, फोन नको.

याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. ३० जण गेले. वाचलेला एकटा माणूस दरी चढून रस्त्यावर आला, तेव्हा बातमी कळली. बाईक तर केवढीशी! ती रांगेत शेवटची असेल तर खाली गेलेली कोण बघणार?

ऑक्टोबरात परत गेलो. पोलादपूरच्या फाट्यावर मी थांबले. चार मिनिटं, सहा मिनिटं. मागच्या गाडीची चेन उतरली होती. पुढचे सगळे घाटाच्या सुरुवातीलाच उभे होते, आणि या वेळी चहा अकरा.