'अनन्या' : नाव जुने की नवे?

गेल्या महिन्यात एका वारकरी घरी बारशाला जाण्याचा योग आला. मुलीचे नाव 'अनन्या' ठेवले. आजीबाई मात्र नाराज. आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बुवा, मला रखमाई ठेवायचं होतं. हाक मारताना देवाचं नाव तोंडी आलं असतं. ह्या नव्या नावात देव कुठं आहे?" मुलीचे वडील हौसेने म्हणाले, "अहो, अनन्या म्हणजे जिच्यासारखी जगात दुसरी नाही!"

त्या दोघांना जे सांगितले तेच येथे मांडतो.

आधी शब्द पाहू. 'न' आणि 'अन्य' मिळून अनन्य. 'अनन्या' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप. त्याचे विग्रह दोन होतात. जिला दुसरे कोणी नाही ती अनन्या, हा बहुव्रीहि. जी दुसरी नव्हे, म्हणजे वेगळी नव्हे, ती अनन्या, हा नञ्-तत्पुरुष. वडिलांनी सांगितलेला अर्थ व्यवहारात चालतो. पण तेवढ्यावरच थांबलो तर लेकराला पाळण्यातच अभिमान शिकवला असे होईल.

आता देव कुठे आहे ते पाहा. गीतेच्या आठव्या अध्यायातील २२ व्या आणि अकराव्यातील ५४ व्या श्लोकात हा शब्द स्त्रीलिंगीच आला आहे, आणि तो भक्तीचे विशेषण आहे! नवव्याच्या २२ व्या श्लोकात तोच शब्द भक्तांना लावून भगवंतांनी त्यांचा योगक्षेम आपल्या शिरावर घेतला. नाव नवे वाटते खरे, पण शब्द आपल्या नित्यपाठातला आहे.

ज्ञानेश्वर माउलींनी अकराव्या अध्यायात यावर दृष्टांत दिले. ढगातून सुटलेल्या पावसाला जमिनीवाचून दुसरी वाट ठाऊक नसते. गंगा आपले सगळे पाणी घेऊन समुद्रालाच शोधीत जाते. आम्ही म्हणतो, गंगा वाहते आहे तोवर बहुव्रीहि : तिला समुद्रावाचून कोणी नाही. मिळाली की तत्पुरुष : ती समुद्राहून वेगळी नाही. दोन्ही समास एकाच वाटेवर भेटतात.

आजीबाईंनी विचारले, "मग हाक मारताना मी मनात काय धरू?"

आम्ही म्हटले, "माय, 'अनन्या' म्हणताना दर वेळी स्वतःला पुसा, पांडुरंगावाचून मला कोण आहे? म्हणजे नातीला मारलेली हाक त्याला पोचेल."

आजीबाईंनी पाळण्याची दोरी हाती घेतली. मुलगी जाणती होईल तेव्हा तिलाही हा अर्थ घरच्यांनी सांगावा, एवढीच विनंती करून आम्ही निघालो.

रामकृष्णहरि.